दस्त्याच्या बाजूने आणि नळीच्या बाजूने



१२ जानेवारी हा दिवस सोलापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. १९३१ साली याच दिवशी आपल्या शहरातील मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याआधी १९३० च्या मे महिन्यात महात्मा गांधींना अटक झाल्याची बातमी आली, गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळाल्या आणि १२ मे ते ३० जून या काळात सोलापुरात मार्शल लॉ लागू झाला. डोक्यावर गांधी टोपी घालणेसुद्धा त्या दिवसांत गुन्ह्यासारखे झाले होते.

या दिवसांवर शाळांमध्ये आणि मंडळांमध्ये नाटिका बसवल्या जातात. नाटिका म्हटली की गोरा अधिकारी आला, अधिकाऱ्यामागे शिपाई आले आणि शिपायांच्या हातात बंदुका आल्या. समजा, आपल्याच धर्मग्रामातील मुलांनी अशी नाटिका बसवायची ठरवली. संवाद पाठ करायला मुलांना जड जाते, पण बंदूक तयार करायची म्हटली की सगळी पुढे येतात. कोणी पाईप आणतो, कोणी सुताराकडून लाकूड आणतो, कोणी मोबाईलवर चित्र काढून दाखवतो. मग वाद सुरू होतो. मॅगझीन वाकडे हवे की सरळ? संगीन लावायची की नाही? दस्त्याला रंग कोणता द्यायचा?

हा वाद पोरकट आहे असे मला वाटत नाही. आज मी त्याच्यावरच लिहिणार आहे. जुन्या लष्करी बंदुकीची हुबेहूब प्रतिकृती करावी का, करायची तर तिचे कोणते भाग निवडावेत, आणि हे करताना मनाला जो आनंद होतो त्याचे ख्रिस्ती माणसाने काय करावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

आधी कायद्याचे एक वाक्य, म्हणजे गैरसमज नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे किंवा जोडणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदूकच धरले जातात. त्यामुळे आपल्याकडे हा छंद लाकूड, पत्रा आणि रंग एवढ्यावरच थांबतो, आणि तो तिथेच थांबावा.

आता भागांकडे येऊ. सिनेमा पाहून बंदूक करणारा मुलगा हटकून वाकड्या मॅगझीनची बंदूक करतो. ती एके-४७. नावातच १९४७ साल आहे, म्हणजे १९३० च्या शिपायाच्या हातात ती असणे शक्य नाही. आपल्या लष्कराची एसएलआर १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळातली, आणि इन्सास तर १९९० च्या दशकातली. १९३० ची लष्करी बंदूक म्हणजे थ्री नॉट थ्री. एन.सी.सी. मध्ये परेड केलेल्या आपल्या ज्येष्ठांना ती चांगली आठवत असेल. वजन सुमारे चार किलो, लांबी साधारण पावणेचार फूट, जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत लाकडाचे आवरण आणि मॅगझीनमध्ये दहा गोळ्या. तिची जुनी संगीन सतरा इंच पात्याची असे, म्हणजे ती छोटी तलवारच होती.

या बंदुकीचा एकेक भाग नीट पाहिला तर तो काहीतरी सांगतो. पहिल्या महायुद्धाआधीच्या नमुन्यात मॅगझीनच्या वर एक पातळ पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझीनमधल्या गोळ्या राखीव राहत आणि शिपायाला एकेक गोळी हाताने भरून झाडावी लागे. त्याने गोळ्या उधळू नयेत, ही त्यामागची कल्पना. बाजूला आणखी एक नेम धरण्याचे साधन असे, २८०० यार्डांपर्यंतचे. म्हणजे अडीच किलोमीटर! तेवढ्या अंतरावर माणूस दिसतही नाही. सगळ्या तुकडीने मिळून त्या दिशेला गोळ्यांचा पाऊस पाडायचा आणि तिकडे कोण पडले हे कधीच कळायचे नाही. युद्ध लांबले, बंदुका झटपट हव्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही भाग काढून टाकण्यात आले.

भारतातल्या इंग्रज सरकारने याच बंदुकीचा आणखी एक प्रकार पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी करून घेतला. त्याची नळी आतून गुळगुळीत केली, म्हणजे गोळी लांब आणि नेमकी जाऊ नये. काडतूस वेगळे ठेवले, म्हणजे लष्कराच्या गोळ्या त्यात चालू नयेत. आणि मॅगझीनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरता यावी. ही व्यवस्था कोणासाठी होती? समोरच्या शत्रूसाठी नव्हे. बंदूक ज्याच्या हातात दिली त्या देशी शिपायाची सरकारला भीती वाटत होती. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी हत्यारे देण्याचे धोरण याच भीतीतून आले. १९१४ मध्ये आपले जवान फ्रान्सला पोहोचले तेव्हा मार्सेय बंदरावर उतरल्यावर त्यांच्या हाती नवी बंदूक आली, म्हणजे लढाई अगदी तोंडावर आली तेव्हा.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, नाटिकेच्या बंदुकीचे भाग अचूक निवडणे हे चांगले काम आहे. त्यात एक प्रकारचा खरेपणा आहे. चुकीची बंदूक हातात दिली तर इतिहासाचा सिनेमा होतो. मॅगझीनमधला तो लाकडी ठोकळा एखाद्या मुलाने मुद्दाम बसवला आणि का बसवला हे त्याला सांगता आले, तर त्याला त्या काळाचे राज्य पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त कळले असे मी म्हणेन.

पण इथेच अडचण सुरू होते. भाग जितके अचूक, तितके मन त्यात गुंतते. पितळ घासून चकचकीत करावेसे वाटते. लाकडाला तेल देऊन त्याची नक्षी वर आणावीशी वाटते. ती वस्तू सुंदर दिसू लागते, आणि ती खरोखर सुंदर असते. हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजापूरला मुलुख-ए-मैदान तोफ आहे. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ काही काळ आपल्या जवळच्या परंड्याच्या किल्ल्यावरही होती. सहलीला गेलेले सगळे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. तिच्या तोंडाला सिंहाचा जबडा कोरलेला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. कारागिराने समोरून पाहणाऱ्याचा विचार केला होता हे खरे, पण तो त्याला घाबरवण्यासाठी.

काळ गेला की हत्यार निरुपद्रवी वाटू लागते. आजच्या बंदुकीचे चित्र कोणी घरात लावले तर आपण दचकतो, पण शंभर वर्षांपूर्वीची बंदूक भिंतीवर टांगली तर कौतुकाने पाहतो. पण जुनेपणाने बंदुकीने केलेले काम बदलते का? थ्री नॉट थ्री तर अगदी अलीकडेपर्यंत पोलिसांकडे होती. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवादी घुसले, तेव्हा काही पोलिसांच्या हातात हीच बंदूक होती, समोर एके-४७ असताना. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. ज्या वस्तूला आपण ऐतिहासिक म्हणून गोंजारतो, तिच्यावर कालपरवापर्यंत कोणाचा तरी जीव अवलंबून होता.

अमेरिकेत हा छंद फार पुढे गेलेला आहे. आपल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची मुले आता तिकडे आहेत, त्यामुळे हा विषय अगदी परका राहिलेला नाही. तिकडे लोक व्हिएतनाम युद्धातल्या एम-१६ बंदुकीसारखी बंदूक सुटे भाग जमवून घरी जोडतात. त्यांच्या कायद्याने बंदुकीचा एक मुख्य भाग म्हणजेच बंदूक. बाकी नळी, दस्ता, पकडीचे आवरण हे सुटे भाग म्हणून विकत मिळतात. आपोआप गोळ्या झाडणारी यंत्रणा १९८६ नंतर नव्याने बनवून सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, म्हणून आतून वेगळी आणि बाहेरून हुबेहूब अशी ती असते. कोणत्या वर्षीची प्रतिकृती करायची, त्यावर भाग ठरतात. नळीच्या टोकाला तीन काट्यांचा तुकडा की बंद कड्याचा? दस्ता साधा की मागे झाकण असलेला?

या दोन प्रश्नांची उत्तरे मला फार विचार करायला लावतात. तीन काट्यांचा तुकडा झाडाझुडपात अडकत असे, म्हणून तो बदलला. आणि दस्त्याची गोष्ट अशी. ही बंदूक सैन्यात आली तेव्हा तिला साफसफाई फारशी लागत नाही अशी समजूत पसरलेली होती आणि साफ करण्याचे साहित्यही सैनिकांना पुरेसे दिले गेले नव्हते. त्यातच गोळीतली दारू बदलली, आणि नळीच्या मागच्या खोबणीला क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत बंदुका अडकू लागल्या. अडकलेली बंदूक हातात घेऊन पोरे मेली. अमेरिकन संसदेच्या समितीने चौकशी केली आणि १९६७ मध्ये अहवाल दिला. पुढे मुलामा आला, आणि काही वर्षांनी दस्त्याच्या मागे साफसफाईचे साहित्य ठेवण्याचा कप्पा आला. म्हणजे छंदिष्ट माणूस जेव्हा ‘मला कप्पा नसलेला, सुरुवातीचा दस्ता हवा’ म्हणतो, तेव्हा तो नकळत त्या पोरांच्या मरणाआधीचा भाग मागत असतो. हे माहीत असून तो मागत असेल, तर त्याच्या हातून एक स्मारक घडते आहे. माहीत नसेल, तर ते खेळणे आहे, मग ते कितीही महाग असो.

इथे मला जे म्हणायचे आहे ते येते. बंदूक आपण नेहमी दस्त्याच्या बाजूने पाहतो. बनवणारा त्या बाजूने पाहतो, जोडणारा त्याच बाजूने, नेम धरणाराही. नळीच्या बाजूने तिला पाहणारा माणूस वेगळा असतो आणि तो बहुधा परत येऊन काही सांगत नाही. बंदुकीचे सगळे भाग अचूक असूनही हा एक माणूस राहून गेला, तर प्रतिकृती अपुरी राहिली असे मला वाटते.

पवित्र शास्त्रात याविषयी एक विलक्षण जोडी आहे आणि ती दोन्ही वेळा दाविदाचीच आहे. गल्याथाशी लढायला निघालेल्या दाविदाला शौल राजाने आपले चिलखत आणि तलवार दिली. दाविदाने ते अंगावर घालून पाहिले, चार पावले चालून पाहिले आणि काढून ठेवले. मग ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे निवडले. हा प्रसंग आपण मुलांना आवडीने सांगतो. पण शमुवेलच्या त्याच पहिल्या पुस्तकात चार अध्यायांनंतर दुसरा प्रसंग आहे, तो सहसा सांगितला जात नाही. दाविद शौलापासून पळत नोब येथे याजकाकडे येतो आणि भाला किंवा तलवार आहे का असे विचारतो. तिथे गल्याथाची तलवार कापडात गुंडाळून, याजकाच्या एफोदामागे जपून ठेवलेली असते. ती मिळाल्यावर दाविद म्हणतो की हिच्यासारखी दुसरी नाही. ज्याने लहानपणी हत्यार काढून ठेवले, तोच आता शत्रूची जुनी तलवार हातात घेऊन खूश होतो. शास्त्र त्यावर टीका करत नाही आणि कौतुकही करत नाही. पण त्या भेटीपायी पुढे नोबच्या याजकांची कत्तल झाली हे मात्र सांगते. पवित्र जागेत कापडात गुंडाळून ठेवलेली तलवारही तलवारच राहिली.

कोणी म्हणेल, मग ख्रिस्ती माणसाने हत्याराला हातच लावू नये का? तसे ख्रिस्तसभा शिकवत नाही. योहान बाप्तिस्त्याकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला छळून पैसे उकळू नका आणि पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने त्यांचे रक्षण करणे हे कर्तव्य ठरू शकते, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आहे. आपल्या ओळखीची कितीतरी कुटुंबे लष्कर आणि पोलीस दलात आहेत, त्यांच्या कामाला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात, आजच्या शस्त्रांच्या काळात ‘न्याय्य युद्ध’ हे शब्द वापरणे फार कठीण झाले आहे असे म्हटले, तेही लक्षात ठेवले पाहिजे. एक गंमत पाहा, शिपायाला बंदूक बहुधा जड वाटते. ती रोज पुसावी लागते, नळीतून दोरी आणि चिंदी ओढावी लागते, हरवली तर नोकरी जाते. बंदूक हलकी वाटते ती आपल्याला, ज्यांना ती फक्त मिरवायची असते.

लोयोलाच्या संत इग्नेशियसला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. तो शूर म्हणून मिरवणारा तरुण होता. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे तोफेचा गोळा पायावर बसला आणि तोफ समोरून कशी असते ते त्याला कळले. पुढच्या वर्षी त्याने मोंसेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपुढे रात्रभर जागरण करून आपली तलवार आणि कट्यार तिथेच सोडली.

भाग निवडण्याची आणखी एक रीत आहे. मोझांबिक देशात १९९२ पर्यंत अनेक वर्षे यादवी युद्ध चालले. ते संपल्यावर तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी १९९५ मध्ये एक योजना काढली. बंदूक आणून द्या आणि बदल्यात शिवणयंत्र, सायकल किंवा शेतीची अवजारे घ्या. जमलेल्या बंदुका कापून निकामी केल्या आणि ते तुकडे कलाकारांना दिले. केस्टर नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रिस्तोवाव कान्यावातो या कलाकाराने २००१ मध्ये त्यातून एक खुर्ची केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाठीला उभे दस्ते, हातांच्या जागी नळ्या आणि वाकडी मॅगझिने. तिच्यातली एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नव्हती. त्या कलाकारानेही भाग निवडलेच, आणि फार विचार करून निवडले. फरक एवढाच की त्या युद्धात त्याची स्वतःची माणसे जखमी झाली होती, म्हणजे तो नळीच्या बाजूचा माणूस होता. यशयाने तलवारींचे नांगर होतील असे सांगितले ते आपण दरवर्षी आगमनकाळात ऐकतो. शिवणयंत्र घेऊन घरी गेलेल्या त्या बाईला ते वाचन कसे ऐकू येत असेल, कोण जाणे.

आता नाटिकेकडे परत. मुलांनी बंदूक करावी, चांगली करावी. मॅगझीन सरळ, आवरण लाकडाचे, दस्त्यावर पितळेची गोल चकती. खऱ्या बंदुकीत या चकतीवर पलटणीचे नाव आणि क्रमांक ठोकलेला असे, म्हणजे ती कोणत्या माणसांच्या हातात होती याची तेवढी एक खूण असे. ही चकती मुले हमखास विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो. तालमीत एक नियम एन.सी.सी. चा घ्यावा: बंदूक रिकामी असो, लाकडाची असो, ती गंमत म्हणून कोणावर रोखायची नाही. आणि तालमीच्या एका दिवशी शिपाई झालेल्या मुलाने बंदूक दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि आपण समोर गर्दीत उभे राहावे. गर्दीतल्या मुलाला ‘आता पड’ असे सांगण्याआधी हे एकदा झाले तर बरे.

शेवटचा मुद्दा नाटिका लिहिणाऱ्यांसाठी. १९३० च्या त्या गदारोळात दोन पोलिसांचाही मृत्यू झाला. त्यांच्या खुनाचा आरोप त्या चौघांवर ठेवला गेला. तो खोटा होता असे आपले शहर आजही मानते, आणि हुतात्म्यांविषयीचा आपला आदर त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण नाटिकेत ते दोन पोलीस कधी दिसत नाहीत. तेही पगारावर पोट भरणारे होते, त्यांच्या घरीही कोणी वाट पाहत असेल. रंगमंचावर त्यांना जागा द्यायची का, हे शिक्षकांनी आणि मुलांनी बसून ठरवावे. माझे मत द्यावी असे आहे, संवाद नसला तरी चालेल.